डिसेंबरची पोरं आणि बर्फावरची घाई

"पोरगं चांगलं होतं, घाई करून वाया घालवलं." कॅनडातल्या एडमंटन शहरात हे वाक्य बोलायला फारसं निमित्त लागत नाही. तिथला बर्फावरच्या हॉकीचा संघ, ऑयलर्स, 2006-07 पासून सलग दहा हंगाम एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगच्या बाद फेरीत पोचलाच नाही. एनएचएलमध्ये तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, आधी हात मारायला मिळतो. त्यामुळे 2010, 2011 आणि 2012 अशी सलग तीन वर्षं पहिली निवड याच संघाच्या वाट्याला आली. तिसऱ्या वर्षी घेतलेला नेल याकुपॉव्ह एकोणिसाव्या वर्षी थेट मुख्य संघातून खेळला, पहिल्या हंगामात चमकला, मग ढेपाळला. 2017-18 नंतर तो एनएचएलमध्ये दिसलाच नाही. मायनर, म्हणजे खालच्या पायरीच्या लीगमध्ये दोन वर्षं मुरू दिला असता तर सोनं झालं असतं, असं म्हणणारे शेकड्याने सापडतील.

हा निदानाचा सोपा मार्ग झाला. मला त्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. "मुरू दिल्यावर" खेळाडूत नेमकं काय बदलतं, हे कुणी फारसं विचारत नाही. त्याचं उत्तर शोधू गेलं की माणूस प्रशिक्षकांपाशी न पोचता जन्मतारखांपाशी पोचतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. एनएचएलचे 32 संघ आहेत आणि प्रत्येकाचा एक जोडसंघ एएचएल या मायनर लीगमध्ये खेळतो. ही लीग 1936 पासून चालू आहे. तिच्याही खाली ईसीएचएल. एएचएलमध्ये सामन्याला उतरणाऱ्या 18 स्केटर्सपैकी (गोलरक्षक सोडून बाकीच्या खेळाडूंपैकी) 13 जण कमी अनुभवाचे असलेच पाहिजेत असा नियम आहे, म्हणजे जुनी खोडं जागा अडवून बसत नाहीत. एनएचएलमधले जवळजवळ 90 टक्के खेळाडू आमच्याकडून गेले, असं एएचएल अभिमानाने सांगते. आकडा खरा आहे, पण त्यातून वाटतं तेवढं सिद्ध होत नाही. वर पोचलेले बहुतेक जण या दारातून गेले, एवढंच तो सांगतो. या दारात उभे राहून तिथेच म्हातारे झालेले किती, हे तो सांगत नाही.

मुरू देण्याच्या पंथाचं पीठ म्हणजे एनएचएलमधला डेट्रॉइट रेड विंग्ज हा संघ. केन हॉलंड तिथे जनरल मॅनेजर असताना त्यांचं धोरणच होतं की पोरगा पिकला असं वाटलं तरी अजून थोडा पिकू द्या. त्यांचा जोडसंघ ग्रँड रॅपिड्सला. 2013 मध्ये त्या संघाने एएचएलचा काल्डर चषक जिंकला, आणि त्यातले टॉमस टाटर, गुस्ताव न्यूक्विस्ट वगैरे पुढे मुख्य संघात आले. न्यूक्विस्ट 2008 च्या ड्राफ्टमध्ये 121 वा होता. 2013-14 मध्ये त्याने एनएचएलच्या 57 सामन्यांत 28 गोल केले आणि पंथाची ध्वजा फडकली.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येतो. इथे थोडं गणित आहे, धीर धरा.

कॅनडात लहान मुलांचे हॉकी संघ कॅलेंडर वर्षाप्रमाणे पडतात. एकाच वर्षी 2 जानेवारीला आणि 29 डिसेंबरला जन्मलेली मुलं एकाच गटात खेळतात. नवव्या वर्षी हा फरक आयुष्याच्या नवव्या हिश्श्याइतका असतो. जानेवारीचा मुलगा उंच, जड, वेगवान. निवडणारे त्याला "गुणी" म्हणतात, वरच्या संघात घेतात. तिथे बर्फावर जास्त वेळ मिळतो, प्रशिक्षक बरे, प्रतिस्पर्धी तगडे. दोन वर्षांनी तो खरोखरच जास्त चांगला खेळू लागतो. रॉजर बार्न्सली या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये सहकाऱ्यांसह हे आकड्यांनी मांडलं. ज्युनियर (साधारण सोळा ते वीस वयाच्या) आणि व्यावसायिक खेळाडूंमध्ये जानेवारी ते मार्चच्या जन्मांची गर्दी होती आणि वर्षअखेरीकडे ती ओसरत जात होती. याला सापेक्ष वय परिणाम म्हणतात.

(इथे एखादा ज्योतिषी नक्की सरसावेल: बघा, मकर-कुंभवाले बर्फावर बलवान! त्याच्यासाठी बेल्जियमचं उदाहरण. तिथे फुटबॉलच्या वयोगटाची तारीख 1 ऑगस्टवरून 1 जानेवारीला आणली, 1997 मध्ये. निवडल्या जाणाऱ्या मुलांमधली जन्मांची गर्दीही ऑगस्टकडून जानेवारीकडे सरकली. संघटनेच्या परिपत्रकाने ग्रह जागा बदलत नसतात.)

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे. समजा, निवड करणाऱ्या स्काउटला दिसणारे गुण म्हणजे दोन गोष्टींची बेरीज: अंगचा खेळ अधिक वयाची आघाडी. निवडीची रेघ 70 वर आहे. जानेवारीच्या मुलाला वयाची आघाडी 8 गुणांची, डिसेंबरच्याला शून्य. मग 62 चा खेळ असलेला जानेवारीवाला आत येतो, 69 चा खेळ असलेला डिसेंबरवाला बाहेर राहतो. आता फक्त आत आलेल्यांकडे बघा. जानेवारीवाल्यांत 62 च्या वरचे सगळे आहेत, डिसेंबरवाल्यांत 70 च्या वरचेच. दोन्ही महिन्यांत मुळात सारख्याच प्रतिभेची मुलं जन्मतात असं धरलं, तर निवड झालेल्या डिसेंबरवाल्यांची अंगच्या खेळाची सरासरी जास्त येणारच. विशी उलटली की वयाची आघाडी विरते, बेरजेतला दुसरा आकडा गळून पडतो आणि उरतो तो पहिला.

हे नुसतं कागदावरचं गणित राहिलं नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधले रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 1980 ते 2007 या ड्राफ्टमधल्या कॅनेडियन खेळाडूंचा हिशोब मांडला. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले निवडीत 36 टक्के होते, पण पुढे एनएचएलमधले सामने त्यांच्या वाट्याला 28 टक्के आणि गुण (गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) 25 टक्केच. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले निवडीत 34 टक्के. त्यांनी सामने खेळले 42 टक्के आणि गुण मिळवले 44 टक्के. म्हणजे अठराव्या वर्षी ड्राफ्ट करतानाही, कोट्यवधी डॉलर पणाला लागलेले असताना, स्काउट मंडळी वयाची आघाडी पूर्णपणे वजा करत नव्हती. डिसेंबरची पोरं जास्त झगडून आलेली म्हणून चिवट असतात, असंही एक स्पष्टीकरण दिलं जातं. असेलही. पण बेरजेचं गणित त्याच्याशिवायही जुळतं.

ड्राफ्टची स्वतःची रेघ वेगळीच आहे, 15 सप्टेंबरची. त्या तारखेपर्यंत जो अठराचा होतो तो त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये. याकुपॉव्हचा जन्म 6 ऑक्टोबर 1993 चा, म्हणून तो 2012 च्या ड्राफ्टमधल्या थोरल्या मंडळींपैकी होता. सप्टेंबर 1994 च्या पहिल्या पंधरवड्यात जन्मलेली मुलं त्याच यादीत होती. लहानपणीच्या गटांची 1 जानेवारीची आणि ड्राफ्टची 15 सप्टेंबरची, अशा दोन रेघा एकमेकींवर पडल्या की कुणाची आघाडी किती, हे काढायला कागद-पेन्सिल घ्यावी लागते. शिवाय जन्मतारीख म्हणजे शरीराचं वय नव्हे. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. आपल्या 16 वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात ते दाखल्यावरची लबाडी पकडायला. पण तोच एक्स-रे लवकर वाढलेला कोण आणि उशिरा वाढणारा कोण हेही सांगतो, आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही.

बेरजेत तिसरा आकडाही असतो, नशिबाचा. एनएचएलमध्ये साधारण दहा-अकरा फटक्यांमागे एक गोल पडतो. याकुपॉव्हने पहिल्या हंगामात 81 फटक्यांत 17 गोल केले, दुपटीहून जास्त दराने. असा दर टिकत नाही, कुणाचाच. पुढच्या हंगामात 63 सामन्यांत 11 गोल झाले आणि "बिघडवला" ही ओरड सुरू झाली. आता डेट्रॉइटच्या न्यूक्विस्टकडे बघा. 28 गोलांच्या त्या हंगामात त्याचे शंभरातले अठरा फटके आत जात होते. पुढच्या वर्षी 27 गोलांसाठी त्याला सगळे 82 सामने लागले. एक घाईचं उदाहरण, दुसरं सबुरीचं, आणि दोघांच्याही आलेखात तोच फुगा आणि तीच उतरण. सबुरीची फळं म्हणून मिरवलं जातं त्यातला काही भाग निव्वळ सरासरीकडे परतणं आहे, आणि घाईचे तोटे म्हणून रडलं जातं त्यातलाही.

डेट्रॉइटच्या दंतकथेतली आणखी एक गोष्ट. पावेल दात्सुक ड्राफ्टमध्ये 171 वा, हेन्रिक झेटरबर्ग 210 वा. त्या संघाचं वैभव या दोघांवर उभं होतं. दोघेही एएचएलमध्ये एकही सामना खेळले नाहीत. एक रशियात, दुसरा स्वीडनमध्ये मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळून विशी उलटल्यावर अमेरिकेत आला. आणि सबुरीचं धोरण असूनही 25 हंगामांची बाद फेरीची मालिका 2017 मध्ये तुटलीच.

मग मायनर लीग निरुपयोगी का? अजिबात नाही. वेळ जाऊ देणं हेच तिचं एक मोठं काम आहे: वयाची आघाडी गळते, नशिबाचा आकडा विरतो आणि दोन-तीनशे सामन्यांनंतर संघाला खरा खेळ दिसतो. खेळाडूच्या बाजूने बघायचं तर तिथे मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे बर्फावरची मिनिटं.

एक साधा प्रसंग घ्या. पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, आपल्याच गोलामागच्या कोपऱ्यात गेलाय. तरुण डिफेन्समन (बचावपटू) पाठ फिरवून त्याच्याकडे झेपावतो. पकपाशी पोचायच्या आत त्याने खांद्यावरून दोनदा मागे बघायला हवं: येणारा गडी कोणत्या बाजूने येतोय, आपला जोडीदार कुठे आहे, सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, मोकळा आहे का. मग पोचताच, न थांबता, पक बर्फाभोवतीच्या कडेच्या फळीवरून फिरवायचा, की गोलामागून न्यायचा, की सरळ पास द्यायचा. सगळं मिळून दीड-दोन सेकंद. ज्युनियरमध्ये हा मुलगा बघतच नव्हता, कारण अंगातल्या वेगावर निभावत होतं. इथे एकदा बघायला विसरला की फळीवर आदळतो. ही सवय फळ्यावर आकृत्या काढून लागत नाही, ती शेकडो वेळा तोच कोपरा गाठून लागते. एनएचएल संघाच्या चौथ्या, सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या तुकडीत रात्री सात-आठ मिनिटं मिळणाऱ्या पोराला ती संधी येते क्वचित, आणि चूक झाली की पुढच्या वेळी बाकावर. एएचएलमध्ये तोच मुलगा दुपटीहून जास्त वेळ खेळतो. तिथले सामने बहुतेक शनिवार-रविवारच्या आसपास असतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांत नीट सराव होतो. एनएचएलच्या ऐंशीहून जास्त सामन्यांच्या धावपळीत तो चैनीचा भाग असतो.

म्हणून खरी हेळसांड मला दिसते ती ना घरका ना घाटका अवस्थेत ठेवलेल्या पोरांची. जेसी पुल्युयार्वी हा फिनलंडचा मुलगा 2016 मध्ये चौथा निवडला गेला, पुन्हा ऑयलर्सकडेच. पहिल्या हंगामात 28 सामन्यांत त्याला एक गोल करता आला, मग जानेवारीत त्याला बेकर्सफील्डच्या जोडसंघात पाठवलं. पाठवण्यात चूक नव्हती, तीन महिने उशीर होता.

कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या पोरांना तर हा पर्यायही नव्हता. जुन्या कराराप्रमाणे विशीच्या आत त्यांना एक तर एनएचएलमध्ये ठेवा नाहीतर ज्युनियरला परत धाडा. मधली पायरी बंद. त्यात अठरा-एकोणीसच्या पोराने दहावा सामना खेळला की त्याच्या संघाबरोबरच्या पहिल्या कराराचं एक वर्ष खर्ची पडतं, म्हणून नऊ सामने होताच संघ हिशोबाला बसतात. एकोणिसाव्या वर्षी ज्युनियरमध्ये परत गेलेला दांडगा पोरगा सतरा वर्षांच्या मुलांना लोळवतो, गुणांचे ढीग रचतो आणि खांद्यावरून मागे बघायला शिकत नाही.

2025 च्या उन्हाळ्यात लीग आणि खेळाडू संघटनेने नव्या करारात ही पायरी थोडी उघडायचं ठरवलं: 2026-27 पासून प्रत्येक संघाला असा एक 19 वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये ठेवता यावा. पाच वर्षांनी या पोरांचे आकडे घेऊन लोक म्हणतील, बघा, एएचएलमध्ये लवकर गेलेले किती पुढे गेले! पण दर संघाला एकच जागा असेल, तर तिथे संघाचं सगळ्यात तयार पोरगंच जाणार. ती तुलना चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पोरांची होणार नाही, आणि निम्मं उत्तर त्यांच्या निवडीतच आधीपासून बसलेलं असेल. त्यांच्या जन्मतारखा मात्र मी लिहून ठेवणार आहे.