अक्षमर्यादा (आलेखन)

आलेखाचा क्ष किंवा य अक्ष कुठून सुरू व्हावा आणि कुठे संपावा, हे आलेखन सॉफ्टवेअरला ठरवून देणे म्हणजे अक्षमर्यादा घालणे. काहीच सांगितले नाही, तर सॉफ्टवेअर डेटातली सर्वांत लहान व मोठी किंमत घेते आणि दोन्ही टोकांना थोडी जागा सोडते. पायथन या संगणकभाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेखन-संचात ती ५ टक्के, आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेच्या मूळ आलेखांत ४ टक्के असते. एरवी एवढे पुरते. पण बडोद्याच्या आजवा सरोवराच्या पातळीत २१२.५ फुटांच्या जागी कुणी २१२५ टंकले, की बाकीचा सगळा पावसाळा तळाशी एका सपाट रेषेत चिकटतो.

आजव्याची पावसाळी पातळी २११ ते २१४ फुटांच्या आसपास मोजली जाते, तीही समुद्रसपाटीपासून. तिथे शून्यापासून अक्ष काढण्याचा आग्रह निरर्थक; २०५ ते २१५ ही मर्यादा रास्त. मात्र हीच मर्यादा स्तंभालेखाला लावली, तर २१४ चा स्तंभ २११ च्या दीडपट उंच दिसेल. स्तंभाची लांबीच वाचली जाते, म्हणून त्याला शून्य हवेच. रेषेला ती सक्ती नाही.

मॅटप्लॉटलिबमध्ये ‘सेट वायलिम’ने मर्यादा घातली, की आपोआप जुळवून घेणे बंद होते. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ती धरून अक्ष ० ते ३० असा बांधला आणि नंतर ऑगस्ट २०२४ ची रेषा जोडली, तर ३५ फुटांच्या वर गेलेला पूर चौकटीबाहेरच राहतो, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आर भाषेतल्या जीजीप्लॉट-२ या आलेखन-संचाचे वागणे याहून घातक. तिथे ‘वायलिम’ मर्यादेबाहेरच्या नोंदी आधी वगळते आणि कलरेषा उरलेल्यांवरच काढते. एक इशारा येतो खरा, पण तो वाचतो कोण? नुसते जवळून पाहायचे असेल, तर ‘कोऑर्ड कार्टेशियन’ वापरावे. त्यात डेटाला हात लागत नाही.

एक्सेलमध्ये अक्षाच्या फॉरमॅटमध्ये किमान व कमाल आकडे भरतात, जीएनयूप्लॉटमध्ये ‘सेट वायरेंज’ लिहितात. मॅटप्लॉटलिबमध्ये मोठा आकडा आधी दिल्यास अक्ष उलटा होतो; विहिरीच्या पाण्याची खोली दाखवायला ते सोयीचे. लॉग अक्षाला, म्हणजे १, १०, १०० असे पटीने वाढणाऱ्या अक्षाला, शून्य ही मर्यादा चालत नाही.