पीरियड रूम (कालदर्शी दालन)

विशिष्ट काळातील घराची खोली भिंतींवरचे लाकूडकाम, शेकोटी, दारे-खिडक्या आणि सामानसुमान यांसह संग्रहालयात उभी करण्याची पद्धत. यूरोपात ती अमेरिकेच्या आधीपासून आहे. तथापि वसाहतकालीन घर हाच राष्ट्राच्या इतिहासाचा पुरावा, अशा समजुतीने तिचा मोठा विस्तार झाला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या देशापुरती आहे.

ऐतिहासिक घर जागच्या जागी जतन करणे ही वेगळी प्रथा होय. क्रांतियुद्धाच्या अखेरीस जॉर्ज वॉशिंग्टनचा मुक्काम असलेले न्यूबर्ग येथील हॅसब्रूक हाउस न्यूयॉर्क राज्याने १८५० मध्ये ताब्यात घेतले. माउंट व्हर्नन ही वॉशिंग्टनची हवेली अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी स्थापन केलेल्या स्त्रियांच्या संस्थेने १८५८ मध्ये दोन लाख डॉलरना खरेदी करण्याचा करार केला. पीरियड रूममध्ये घर जागेवर राहते किंवा पडते. खोली तेवढी उचलून आणली जाते. जुन्या लेखनात या दोहोंची सरमिसळ झालेली दिसते आणि उगमाच्या वादाचे निम्मे कारण तेच आहे.

पहिली अमेरिकन पीरियड रूम कोणती, याविषयी एकमत नाही. यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या जत्रांपैकी ब्रुकलिनच्या १८६४ च्या जत्रेत ‘न्यू इंग्लंडचे स्वयंपाकघर’ मांडले होते. जुन्या पेहरावातील स्त्रिया तेथे पाहुण्यांना जेवण वाढत. तोच प्रकार १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनात पुन्हा झाला. काही अभ्यासक येथूनच आरंभ धरतात. परंतु ही मांडणी तात्पुरती होती आणि तिचा रोख संग्रहापेक्षा करमणुकीकडे व निधीकडे होता. मॅसॅचूसेट्समधील डीअरफील्ड येथे जॉर्ज शेल्डन यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये मेमोरियल हॉल उघडला, त्यात स्वयंपाकघर, बैठकीची खोली व शयनगृह कायमस्वरूपी मांडले गेले. सॅन फ्रॅन्सिस्कोत चार्ल्स विल्कम यांनी १८९६ च्या सुमारास, तर सेलमच्या एसेक्स इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज फ्रॅन्सिस डाउ यांनी १९०७ मध्ये अशा खोल्या उभारल्या. जुने ग्रंथ बहुधा डाउ यांना मान देतात. खोली कायमची असावी, संग्रहालयात असावी आणि सुट्या वस्तूंऐवजी खोली म्हणूनच मांडलेली असावी, या कसोट्या लावल्या तर डीअरफील्डचा दावा अधिक ग्राह्य ठरतो. राहणारी माणसे आत्ताच उठून गेली असावीत असा भास निर्माण करण्याची शैली मात्र डाउ यांच्यापासून रूढ झाली. स्वीडनच्या आर्टुर हॅझेलियसच्या मांडणीचा डाउ यांच्यावर प्रभाव असावा, असे मानतात.

डीअरफील्डच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू खोलीत बसणारी नाही. फ्रेंच व त्यांचे मूलनिवासी मित्र यांनी फेब्रुवारी १७०४ च्या अखेरीस गावावर छापा घातला. तेव्हा शेल्डन घराण्याच्या घराचे जाड दार कुऱ्हाडीने फोडण्यात आले. घर १८४८ मध्ये पाडले, दार राहिले. खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या आणि मधोमध कुऱ्हाडीने पाडलेले वेडेवाकडे भोक आजही पाहता येते. भोक हल्लेखोरांनी पाडले एवढेच ते दार सांगते. हल्ला कशासाठी झाला, ही हकिगत भोवतीच्या पाट्यांवर बराच काळ एकाच बाजूने लिहिली गेली.

कालनिश्चिती हा या विषयातील नाजूक भाग. मालकाच्या घराण्यातील आठवण, दस्तऐवज आणि घडणीची शैली यांवरून पूर्वी तारखा ठरत. साहजिकच त्या मागे मागे सरकत. इप्सविच (मॅसॅचूसेट्स) येथील हार्ट घराच्या खोलीची तारीख दीर्घकाळ १६४० च्या आसपास सांगितली जाई. तुळयांच्या वृक्षवलयांवरून आता १६८० च्या सुमाराची मानतात. या घराची एक खोली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे व दुसरी डेलावेअरमधील विंटरथर संग्रहालयात. घराच्या उरलेल्या भागात चाललेल्या उपाहारगृहाच्या नावात मात्र १६४० हाच आकडा राहिला. दक्षिण कॅरोलायनातील ड्रेटन हॉल हा वाडा १७३८ ते १७४२ या काळात बांधला गेला असे सांगत. माळ्यावरील लाकूड १७४७-४८ च्या हिवाळ्यात तोडलेले निघाल्याने ती तारीखही पुढे आली. वृक्षवलये झाड कधी तोडले ते सांगतात, खोली कधी वापरात आली ते नव्हे. जुने लाकूड पुन्हा वापरण्याची रीत लक्षात घेता केवळ त्यांवर विसंबणे योग्य नाही.

रंगाबाबत मतपालट याहून मोठा झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वसाहतकालीन खोल्या फिकट, राखाडी छटांत रंगवल्या गेल्या. भिंत खरवडून खालचा थर उघडा करायचा आणि दिसेल त्या रंगाशी जुळवायचे, अशी पद्धत होती. तीत दोष असा, की जवसाच्या तेलातील रंग अंधारात व नव्या थरांखाली पिवळा पडतो आणि काही रंगद्रव्ये उडून जातात. म्हणजे जुळवणी मूळ रंगाशी न होता म्हाताऱ्या रंगाशी होई. अलीकडे धारदार पात्याने तांदळाच्या दाण्याहून लहान कपची काढतात, ती कृत्रिम राळेत बसवून घासतात आणि तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली साध्या व अतिनील प्रकाशात पाहतात. रंगाच्या दोन थरांमध्ये काजळीची बारीक रेघ दिसली, तर वरचा थर काही वर्षांनी चढला असे समजते. लाखेचे रोगण अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. माउंट व्हर्ननच्या लहान भोजनगृहाच्या भिंतींवर या रीतीने जंगालाचा (तांब्याच्या गंजाचा) झगझगीत हिरवा रंग निघाला आणि विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तो पुन्हा देण्यात आला. संयत अभिरुचीच्या कल्पनेने आलेल्या प्रेक्षकांना तो भडक वाटला. हिरवा रंग डोळ्यांना सुखावतो, असे खुद्द वॉशिंग्टनने एका पत्रात म्हटले आहे.

मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा ‘अमेरिकन विंग’ हा भाग १० नोव्हेंबर १९२४ रोजी खुला झाला. संग्रहालयाचे अध्यक्ष रॉबर्ट डी फॉरेस्ट व त्यांच्या पत्नी एमिली यांनी इमारतीचा खर्च दिला आणि वॉल स्ट्रीटवरील एका जुन्या बँकेचा संगमरवरी दर्शनी भाग तिला जोडण्यात आला. मांडणीचे सूत्रधार आर. टी. एच. हॅल्सी यांनी परकीय कल्पनांच्या लोंढ्याविरुद्धचा उतारा म्हणून या खोल्यांकडे पाहिले. स्थलांतरितांवर कडक मर्यादा घालणारा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात झाला होता. हिंदी लोकांना तर १९१७ पासूनच दार बंद होते. मात्र याच रॉबर्ट डी फॉरेस्ट यांनी, अहमदाबादेत लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढणारे आपले बंधू लॉकवुड यांच्यासह, पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी घुमट १९१६ मध्ये याच संग्रहालयाला दिला होता. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात मदुराईच्या मंदिरातील दगडी खांबांचा मंडप आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील मस्तानी महाल, कोथरूडहून आणलेल्या अवशेषांतून उभारलेला, याच जातीचा म्हणावा लागेल.

खोली काढल्यावर घराचे काय होते, हा प्रश्न फिलाडेल्फियाच्या पॉवेल हाउसमुळे पुढे आला. १७६५ चे हे घर शहराचे महापौर सॅम्युएल पॉवेल यांचे. पुढे तेथे घोड्याच्या केसांचा व कुंचल्यांचा व्यापार चाले. मागच्या बैठकीचे लाकूडकाम न्यूयॉर्कला गेले, पुढच्या बैठकीचे फिलाडेल्फियाच्याच कलासंग्रहालयात. घर पाडण्याचे ठरल्यावर १९३१ मध्ये फ्रान्सिस विस्टर यांच्या पुढाकाराने ते वाचवण्यात आले आणि रिकाम्या भिंतींवर नक्कल बसवावी लागली. आज मूळ खोल्या संग्रहालयांत व त्यांच्या प्रतिकृती मूळ घरात, अशी उलटापालट आहे. न्यूयॉर्कच्या पॉवेल खोलीतला हाताने रंगवलेला चिनी वॉलपेपरही त्या घरातला नाही. विंटरथरला हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी याहून मोकळेपणाने काम केले: उत्तर कॅरोलायनातील माँटमोरेन्सी घराचा तरंगता जिना आणला आणि जागेत बसावा म्हणून त्याचा घाट बदलला. प्रमाण मानण्यापेक्षा तो संग्राहकाच्या दृष्टीचा नमुना मानणे इष्ट.

गुलाम व मजूर यांच्या खोल्या फार उशिरा मांडल्या गेल्या, कारण त्यांचे सामान कोणी जपलेच नव्हते. न्यूयॉर्कमध्ये ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ ची चाळवजा इमारत १९८८ नंतर संग्रहालय झाली. व्हर्जिनियातील माँटिचेलो या टॉमस जेफर्सनच्या हवेलीत त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज यांची मानली जाणारी खोली २०१८ मध्ये खुली झाली. १९४१ मध्ये तेथे प्रेक्षकांसाठी स्वच्छतागृह केले होते. हेमिंग्ज यांचे चित्र उपलब्ध नसल्याने तेथे केवळ सावली दाखवतात. सेंट्रल पार्कसाठी १८५७ मध्ये उठवलेल्या सेनेका व्हिलेज या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर आधारलेले मेट्रोपॉलिटनचे २०२१ चे दालन तर उघडच काल्पनिक आहे: त्यात शेकोटीही आहे आणि दूरचित्रवाणी संचही.

ड्रेटन हॉलमध्ये याच्या उलट धोरण आहे. राष्ट्रीय वारसा न्यासाने तो १९७४ मध्ये घेतला आणि सजवायचा नाही असे ठरवले. नळ घरात कधी आलाच नाही. खोल्या रिकाम्या आहेत. एका दाराच्या चौकटीवर ड्रेटन कुटुंबातील मुलांच्या उंचीच्या खुणा एकावर एक केलेल्या दिसतात.