झोपेची गोळी एका रात्रीत सोडू नका

छत्रपती संभाजीनगर, मालेगाव या भागांतून ‘बटन’ किंवा ‘कुत्ता गोळी’ पकडल्याच्या बातम्या गेली काही वर्षं सतत येत आहेत. टेबलावर मांडलेल्या पट्ट्या, मान खाली घातलेली पोरं, मागे पोलीस. अशा बातमीवर चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, “चार दिवस खोलीत कोंडून घाला, आपोआप उतरेल.” हे ऐकलं की मला धडकी भरते. या गोळ्यांची सवय जडलेल्या माणसाला असं कोंडून ठेवलं तर त्याला आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जाऊ शकतो. दारूप्रमाणेच एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं अशा मोजक्या पदार्थांत या गोळ्या मोडतात, आणि हे आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहीत आहे.

‘बटन’ म्हणजे बहुतेक वेळा नायट्राझेपाम आणि ‘कुत्ता गोळी’ म्हणजे अल्प्राझोलाम. दोन्ही बेन्झोडायझेपिन या गटातली औषधं. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यांचीच भावंडं. दिल्लीच्या एम्समधल्या व्यसनोपचार केंद्रानं केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 75 वयोगटातले 1.08 टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 18 लाख लोक वैद्यकीय गरजेशिवाय गुंगीची औषधं घेतात असं आढळलं. अशा लोकांच्या संख्येत महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे वर्षानुवर्षं रोज रात्री गोळी घेणारे या आकड्यात धरलेलेच नाहीत. मला काळजी वाटते ती त्यांची.

समजा, साठीतल्या एक बाई आहेत. यजमान गेले आणि झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम 0.25 मिलिग्रॅम पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. पंधरा दिवस संपले, पण जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पट्टी देत राहिला. काही वर्षांत 0.25 ची 0.5 झाली. आता त्या गोळी भाजीच्या सुरीनं अर्धी करतात, उरलेला तुकडा पट्टीच्या फाटक्या चंदेरी कागदात गुंडाळून ठेवतात आणि चारच गोळ्या राहिल्या की नातवाला मेडिकलमध्ये पिटाळतात. एखाद्या रात्री गोळी चुकली तर पहाटे तीनला छाती धडधडते, हाताला कापरं भरतं, बाहेर कुत्रं भुंकलं तरी दचकायला होतं. सकाळी त्या म्हणतात, “बघितलंस? गोळीशिवाय मला झोप येतच नाही.” मुलगाही मान डोलावतो.

पण ती धडधड यजमानांच्या दुःखाची नसते आणि जुन्या निद्रानाशाचीही नसते. गोळीनं मेंदूत जे बदल घडवले, ते गोळी हटताच उघडे पडलेले असतात. हे कसं होतं, ते जरा खोलात जाऊन बघू.

मेंदूतल्या चेतापेशींना शांत करणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. ते ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं त्याला गाबा-ए रिसेप्टर म्हणतात. पेशीच्या आवरणात पाच घटक गोलाकार उभे राहून हा रिसेप्टर बनतो आणि मधोमध एक अरुंद नळी राहते. बहुतेक ठिकाणी रचना अशी असते: दोन अल्फा, दोन बीटा, एक गामा. गाबाचे रेणू अल्फा आणि बीटा यांच्यामधल्या दोन खाचांत बसले की नळी उघडते, क्लोराइड आयन आत शिरतात, पेशीच्या आतला विद्युतभार अधिक ऋण होतो आणि पेशी संदेश पाठवायला नाखूश होते. हा सगळा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो.

बेन्झोडायझेपिन गाबाच्या खाचेत बसत नाही. त्याची खाच वेगळी, अल्फा आणि गामा यांच्या मधली. एकट्या गोळीनं नळी उघडत नाही. गाबा आलेला असला तरच ती नळी जास्त वेळा उघडते. बार्बिट्युरेट ही झोपेची जुनी औषधं नळी जास्त वेळ उघडी ठेवत आणि मात्रा वाढली तर गाबाशिवायही उघडत. म्हणून त्यांच्या थोड्या जास्त डोसनंही श्वास थांबे. नव्या गोळ्या एकट्या घेतल्या तर त्या मानानं सुरक्षित ठरल्या आणि त्याच सुरक्षिततेमुळे जगभर सढळ हातानं वाटल्या गेल्या. दारूसोबत किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांसोबत घेतल्या तर मात्र ही सुरक्षितता उरत नाही.

लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या न्यू जर्सीत हॉफमन-ला रोश कंपनीत काम करताना हा गट शोधला. पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, 1960 मध्ये बाजारात आलं. डायझेपाम 1963 मध्ये ‘व्हॅलियम’ या नावानं. मेंदूत या औषधांसाठी खास जागा आहे हे 1977 मध्ये डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. म्हणजे मधली चौदा वर्षं लोक व्हॅलियम घेत होते, पण ते मेंदूत नेमकं कुठं चिकटतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

यापुढचा प्रयोग मला फार आवडतो. अल्फा घटकाचे अनेक प्रकार असतात. 1999 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी उंदरांच्या अल्फा-1 मधलं 101 क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं, हिस्टिडिनच्या जागी आर्जिनिन आणलं. त्या उंदरांना डायझेपाम दिलं तर भीती कमी व्हायची, पण गुंगी येत नसे. म्हणजे गुंगी अल्फा-1 वाटे येते. पुढच्या वर्षी दिसलं की भीती कमी होण्यामागे अल्फा-2 आहे. आणि 2010 मध्ये जिनिव्हातल्या गटानं दाखवलं की चटक लागण्यात पुन्हा अल्फा-1 चाच हात आहे: डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सोडणाऱ्या पेशींना आवरून धरणाऱ्या काही चेतापेशी असतात, गोळी त्या आवरणाऱ्यांनाच गप्प करते आणि डोपामिन मोकळं सुटतं. एकाच रेणूनं कुणाला झोप, कुणाला दिलासा, कुणाला ‘किक’ मिळते, त्याचं उत्तर एका प्रथिनाच्या उपप्रकारांत सापडावं, हे मला विलक्षण वाटतं.

आता सवयीकडे येऊ. चेतापेशींना शांत करणारी आणि उत्तेजित करणारी (मुख्यतः ग्लुटामेट या रसायनाची) अशा दोन यंत्रणांची मेंदूत कायम रस्सीखेच चालू असते. गोळी म्हणजे शांततेच्या बाजूला येऊन उभा राहिलेला एक दणकट गडी. काही आठवड्यांत त्या बाजूचे बाकीचे गडी हात सैल सोडतात, समोरची बाजू मात्र आपले गडी वाढवते. दोर पुन्हा मध्यावर येतो; गोळीचा गुण कमी झाल्यासारखा वाटतो आणि मात्रा वाढवावीशी वाटते. अशा वेळी तो दणकट गडी एकदम बाजूला झाला तर काय होईल? प्रत्यक्षात पेशींच्या पातळीवर हेच घडतं. गाबा-ए रिसेप्टर गोळीला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, त्यांच्या घटकांची ठेवण बदलते आणि ग्लुटामेटची बाजू वरचढ होते. गोळी अचानक थांबली की मेंदू बेफाम उत्तेजित होतो: निद्रानाश, घाम, कापरं, आवाज आणि उजेड सहन न होणं, चिडचिड, आणि वाईटात वाईट म्हणजे आकडी.

यात मनाचा निग्रह कुठं आला? ज्या बाईंनी चिठ्ठीबाहेर एक गोळीही जास्त घेतलेली नाही, त्यांच्या मेंदूतही हेच होतं. शरीर गोळीवर अवलंबून असणं ही एक गोष्ट. गोळीसाठी खोटं बोलणं, तीन मेडिकलमधून पट्ट्या जमवणं, नशेसाठी मूठभर गिळणं ही दुसरी. दोन्हींवर उपचार लागतात, पण पहिल्या प्रकारच्या माणसाला ‘व्यसनी’ म्हणून खाली मान घालायला लावलं की तो पुढच्या भेटीत डॉक्टरांना गोळीबद्दल सांगतच नाही.

ओळखायचं कसं? वयस्कर माणूस सकाळी सुस्त असतो, बोलता बोलता धागा हरवतो, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो आणि घरचे म्हणतात, वय झालं. एकदा गोळ्यांची पट्टी तपासून बघा. प्रवासाला निघताना सगळ्यात आधी हीच पट्टी पिशवीत जाते का? दुपारनंतर अस्वस्थता वाढते आणि गोळी घेताच ओसरते का? अल्प्राझोलामचा रक्तातला अंश साधारण 11 तासांत निम्मा होतो, त्यामुळे दोन गोळ्यांच्या मधल्या वेळातही माघारीची, म्हणजे गोळीचा अंमल उतरू लागल्यावर होणाऱ्या त्रासाची, लक्षणं डोकं वर काढतात. तरुण मुलांत जड जीभ, लडखडती चाल आणि तोंडाला दारूचा वास नाही, असं दिसलं तर या गोळ्यांचा विचार करावा. लघवीच्या साध्या तपासणीवर भिस्त ठेवू नये. क्लोनाझेपाम त्यात बऱ्याचदा सुटतं.

गोळी एकदम बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस असंबद्ध बोलू लागला, नसलेली माणसं त्याला दिसू लागली, की आपल्याकडे अजूनही कुणीतरी ‘लागीर झालं’ म्हणतं. मग अंगारा, उतारा, मांत्रिक. इथे तास महत्त्वाचे असतात. ज्याला रुग्णालयात नेऊन पुन्हा बेन्झोडायझेपिन द्यायला हवं, त्याला धुरीसमोर बसवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. ‘जेवणात गुपचूप मिसळा, सात दिवसांत व्यसन सुटेल’ अशा चूर्णांच्या जाहिरातींबद्दलही माझं मत तितकंच कडक आहे. या गोळ्या सात दिवसांत सुरक्षितपणे सोडवता येत असत्या तर जगातले व्यसनतज्ज्ञ महिन्या-महिन्यांची वेळापत्रकं आखत बसले नसते.

कायदा आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोपेचंच आणखी एक औषध झोल्पिडेम ही 2014 पासून औषध नियमांच्या ‘एच-1’ परिशिष्टात आहेत. पट्टीवर लाल चौकटीतला इशारा असतो, दुकानदारानं डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपायची असते. हे काटेकोरपणे पाळलं गेलं तर जुन्या चिठ्ठीवर पट्टी मिळणं अवघड होईल. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनं तर 1988 मध्येच सांगितलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत.

उपचाराचा गाभा एकच: मात्रा हळूहळू उतरवणं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. हेदर अॅश्टन यांनी 1982 पासून बारा वर्षं यासाठी खास दवाखाना चालवला. कमी वेळ टिकणाऱ्या गोळीवरून डायझेपामसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीवर आणायचं आणि मग कणाकणानं कमी करायचं, ही त्यांची पद्धत आजही वापरली जाते. अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक संघटनेच्या 2025 च्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीची कपात दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के असावी, आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांहून जास्त सहसा नसावी. कोणत्या गोळीच्या किती मिलिग्रॅमसाठी किती डायझेपाम, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तक्ता बघून घरी करायचा हा प्रयोग नाही. सोबत निद्रानाशासाठी वर्तनोपचार लागतो: झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, पडून तळमळत राहायचं नाही, उठायची वेळ रोज एकच. पहिले काही आठवडे याचा त्रास होतो, पण टिकाऊ गुण येतो.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एक साधा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. अशा गोळ्या कायम घेणाऱ्या 65 वर्षांवरच्या लोकांना फक्त एक पुस्तिका दिली: गोळीचे धोके आणि ती टप्प्याटप्प्यानं कशी उतरवायची याचा सचित्र तक्ता. सहा महिन्यांत त्यातल्या 27 टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं. अशी पुस्तिका मराठीत छापून प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर ठेवायला कितीसा खर्च येईल?

घरात कुणी या गोळ्या घेत असेल तर गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि किती वर्षं घेतात हे कागदावर लिहून मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयातही ही सेवा मिळते. नशामुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहेत. तोवर गोळी आहे तशी चालू ठेवा. आणि घरातलं वयस्कर माणूस पडून, मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रियेसाठी दाखल झालं, तर रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांसोबत रात्रीची ती अर्धी गोळीही भूलतज्ज्ञांना सांगा. ती सांगायची राहते, रुग्णालयात ती बंद होते, आणि दोन-तीन दिवसांत रुग्ण बरळू लागला की सगळे भुलीला दोष देत बसतात.