एक दिवस राजीनामा, पुन्हा सहा महिने? चालत नाही

आमदार नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते, हे खरं; मात्र सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. पण ‘सहा महिने भरत आले की राजीनामा द्यायचा, लगेच पुन्हा शपथ घ्यायची, की नवे सहा महिने’ हा कट्ट्यावरचा समज चुकीचा आहे.

पंजाबात हे करून पाहिलं गेलं. तेजप्रकाश सिंग सप्टेंबर 1995 मध्ये मंत्री झाले, निवडून आले नाहीत, मार्च 1996 मध्ये पायउतार झाले. नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री बदलले आणि ते परत मंत्री! सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ही दुसरी नेमणूक अवैध ठरवली. राज्यघटनेच्या कलम 164(4) ची ही सहा महिन्यांची सवलत एका विधानसभेच्या मुदतीत एकदाच. मधे मुख्यमंत्री बदलला तरी घड्याळ शून्यावर येत नाही. निवडून आलात, तरच पुन्हा दार उघडतं.

म्हणूनच 2020 मध्ये उद्धव ठाकरेंची धावपळ झाली. शपथ 28 नोव्हेंबर 2019 ची, म्हणजे मुदत मे अखेरपर्यंत. त्यात कोरोनामुळे निवडणुका लांबलेल्या. अखेर 14 मे रोजी ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. (हो, परिषदही चालते, विधानसभाच हवी असं नाही.)