डिस्क माउंट झाली नाही, तर क्रॅश डंप जातो कुठे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचा लिनक्स सर्व्हर गेल्या पावसाळ्यात तीनदा आपोआप रीस्टार्ट झाला, तेव्हा कोणीतरी रॅकला लिंबू-मिरची बांधली. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, का कोसळला हे लिंबू-मिरचीने कळत नाही आणि ‘पुन्हा सुरू झाला ना, मग झाले’ या समजुतीनेही कळत नाही. ते कळते क्रॅश डंपवरून, म्हणजे कोसळण्याच्या क्षणी मेमरीत जे होते त्याच्या नकलेवरून. आम्ही पाहिले तेव्हा डंपची डिरेक्टरी रिकामी होती.

पॅनिक झालेल्या, म्हणजे न सावरता येणाऱ्या चुकीमुळे थांबलेल्या, कर्नलच्या स्वतःच्याच नोंदी भरवशाच्या उरलेल्या नसतात, त्यामुळे त्याला डिस्कवर लिहू देणे म्हणजे शाबूत डेटाही धोक्यात घालणे होय. म्हणून 2005 मध्ये लिनक्स 2.6.13 मध्ये केडंप ही क्रॅश डंप घेण्याची सोय आली. यात बूट होतानाच रॅमचा एक तुकडा, उदाहरणार्थ 256 एमबी, बाजूला राखून त्यात दुसरा कर्नल तयार ठेवतात, आणि पॅनिक होताच बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना हार्डवेअर तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची, फेरी न करता थेट तोच सुरू होतो. बायोस टाळल्यामुळे जुनी रॅम पुसली जात नाही आणि नव्या कर्नलला ती एखाद्या फाइलसारखी वाचता येते. ही रचना मला फार सुंदर वाटते, पण माउंटची, म्हणजे डंप लिहिण्यासाठी डिस्क जोडून घेण्याची, अडचणही तिच्यातूनच उद्भवते: बायोस टळला म्हणजे डिस्क कंट्रोलरही नव्याने सुरू होत नाही, जुन्या कर्नलने अर्धवट सोडलेल्या कामातच तो अडकून राहतो आणि नव्या ड्रायव्हरला उत्तर देत नाही. राखीव रॅम अपुरी असेल किंवा इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे कर्नलसोबत रॅममध्ये येणाऱ्या छोट्या फाइलसंचात, ड्रायव्हरच नसेल, तरीही परिणाम तोच. डिस्क दिसत नाही, म्हणून माउंट होत नाही.

अशा वेळी काय करायचे हे केडंपच्या सेटिंगमध्ये आधीच ठरवून ठेवावे लागते. आमच्याकडे ‘रीबूट’ होते, म्हणून माउंट फसताच मशीन रीस्टार्ट होई आणि रॅममधला पुरावा नाहीसा होई. रूट फाइलसिस्टिमवर, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य फाइलसाठ्यावर, डंप लिहिण्याचा पर्याय आहे, पण आमची रूटही त्याच कंट्रोलरवर होती. शेवटी ‘शेल’ (हाताने कमांड देण्याची सोय) निवडून, सिसआरक्यू ट्रिगर या कर्नलला थेट आदेश देणाऱ्या फाइलमध्ये ‘सी’ हे एक अक्षर लिहून मुद्दाम पॅनिक घडवला. कन्सोलवर प्रॉम्प्ट आला, पण डिस्कच्या यादीत एकही नाव नव्हते. मग डंप एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे, शेजारच्या खोलीतील मशीनवर पाठवण्याची सोय केली, कारण त्यासाठी सर्व्हरची डिस्क माउंट करावी लागत नाही. पुढच्या चाचणीत डंप तेथे पूर्ण उतरला.