नादार दावा (बेळगाव सीमाभाग)

कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेल्या व्यक्तीने न्यायालयाची परवानगी काढून चालवलेला दिवाणी दावा. आधार : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ३३. वकिली बोलीत ‘पॉपर सूट’.

‘नादार’ हा शब्द फार्सी. ना + दार, म्हणजे जवळ काही न बाळगणारा. कायद्याच्या मराठीत ‘नादारी’ दिवाळखोरीलाही लावतात, म्हणून काहीजण या शब्दाचे मूळ कर्ज बुडण्यात शोधतात. ‘निर्धन’ हाच अर्थ आधीचा दिसतो; दिवाळखोरीचा अर्थ मागाहून चिकटला असावा. तिसरा अर्थ शाळेतला : नादारी म्हणजे फीमाफी. पक्षकाराची फसगत होते ती इथेच, कारण दाव्यातली नादारी ही माफी नसून उधारी आहे. दावा जिंकल्यास सरकार मिळालेल्या मालमत्तेतून फी आधी वसूल करते. हरल्यास ती वादीलाच भरण्याचा हुकूम होतो. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेतला ‘पॉपर’ जाऊन ‘निर्धन व्यक्ती’ आली. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ३ मध्ये मात्र जुना शब्द अजून टिकून आहे. त्या कलमानुसार परवानगीचा अर्ज दिला त्याच तारखेला दावा दाखल झाला असे मुदतीसाठी धरले जाते.

आपला दावा स्वतः चालवायला परवानगी लागत नाही. ती लागते फी आधी न भरण्यासाठी. अर्ज मात्र अर्जदाराने जातीने हजर राहून द्यावा, असा नियम आहे (न्यायालय सूट देऊ शकते). सोबत मालमत्तेची किमतीसह यादी जोडायची. जप्तीतून वगळलेल्या वस्तू ऐपतीत धरत नाहीत : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्याचे बैल नि औजारे, धार्मिक रिवाजाने स्त्रीला उतरवता न येणारे मंगळसूत्र. दाव्याची मालमत्ताही धरत नाहीत. खानापूरच्या वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागणाऱ्या बहिणीचा तो हिस्सा तिच्या नावे मोजला जात नाही. मालमत्ता हजार रुपयांच्या आत असावी या मर्यादेचा बराच बाऊ होतो, पण ती मर्यादा कायद्याने फी ठरवून दिलेली नसेल तेव्हाचीच. अर्जाआधीच्या दोन महिन्यांत लबाडीने काही विकले असल्यास अर्ज फेटाळतात. सरकारी वकील व प्रतिवादी यांना किमान दहा दिवसांची नोटीस जाते.

सीमाभागात अडचण भाषेची. बेळगाव, चिकोडी, निपाणीच्या न्यायालयांत कामकाज कन्नड व इंग्रजीत चालते; १९५६ पूर्वीच्या मुंबई राज्यातले मराठी, क्वचित मोडी दस्त भाषांतराशिवाय पुढे सरकत नाहीत. त्यामुळे फी लांबणीवर पडली तरी भाषांतराचा खर्च पदरचाच.

अर्ज फेटाळल्यास अपील करता येते. धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ २००८ पासून आहे (२०१३ पासून कायम). त्याआधी बंगळूर गाठावे लागे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळते.