झोका चढला की वेळ वाढतो

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात नागपंचमीला वडाला झोका बांधतात. यंदा मी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन खाली उभा राहिलो. दोर साधारण ४ मीटरचा. भाची हलकेच झुलत होती, तेव्हा जाऊन-येऊन ४ सेकंद लागले. मग तिच्या दुसऱ्या मामानं ढकलत झोका चढवला, पार ६० अंशांच्या आसपास, आणि हात काढून घेतला. आता ४.३ सेकंद! तीनदा मोजलं, तेच.

शाळेत मात्र लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन-येऊन लागणारा वेळ, फक्त लांबीवर ठरतो, असं शिकलो होतो. त्या सूत्राखालची ‘कोन लहान असावा’ ही अट आपण विसरतो. झोक्याला मधे ओढणारा जोर कोनाच्या नव्हे, कोनाच्या साइनच्या प्रमाणात वाढतो. ६० अंशांवर तो सरळ हिशेबापेक्षा सुमारे १७ टक्के कमी पडतो, म्हणून परतायला उशीर. जोर असा सरळ प्रमाणात वाढत नाही, ते अरेषीय दोलन. १६५६ साली लंबकाचं घड्याळ करणाऱ्या डच शास्त्रज्ञ हायगेन्सलाही याच उशिराशी झगडावं लागलं.

अशा दोलनांची समीकरणं बहुधा नेहमीच्या सूत्रांत सुटत नाहीत. १८८०च्या दशकात फ्रेंच गणिती प्वांकारेनं वेगळी वाट धरली: उत्तर शोधत बसण्यापेक्षा चित्र काढा. आडव्या अक्षावर कोन, उभ्यावर वेग. हवेचा विरोध नसेल, तर झोका या कागदावर बंद वळसा काढतो. लहान झोक्याचा वळसा लंबगोल. झोका चढेल तसा दोन्ही टोकांना निमुळता. विरोध धरला, की वळसा आत आत वळत मध्यबिंदूत विरतो. मला हे चित्र कुठल्याही सूत्राहून बोलकं वाटतं.

आता पेटी घ्या. भात्यातून येणारी हवा एकसारखी, तिला स्वतःची लय नाही. तरी आतली रीड, म्हणजे सूर काढणारी पितळी पट्टी, सेकंदाला शेकडो वेळा थरथरते. तिच्या चित्रात एकच वळसा टिकतो: आतून सुरुवात केली तर रेषा फुगत त्याच्यावर येते, बाहेरून केली तर आक्रसत. याला लिमिट सायकल म्हणतात. नेदरलँड्सच्या व्हान डर पोल या भौतिकशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये (काचेच्या निर्वात नळीत) अशी दोलनं अभ्यासली आणि १९२८ साली सहकाऱ्यासोबत त्याच गणितावर हृदयाच्या ठोक्यांचं विद्युत प्रारूप मांडलं.

भाचीचा झोका कुणी ढकललं नाही तर थांबतो. ती जोतिबाच्या पायऱ्या धावत चढते तेव्हा छाती धडधडते, आणि थोडं टेकलं की ठोके आपोआप आपल्या जुन्या वळशावर येतात.